लास व्हेगास : वाहतूक नेमकी कोणासाठी?

नेवाडाच्या वाळवंटातील लास व्हेगास महानगरात सुमारे २३ लाख लोक राहतात आणि वर्षाला चार कोटींच्या आसपास पर्यटक येतात. त्यांपैकी बहुतेकांचा ओढा 'स्ट्रिप' या कॅसिनोंच्या रस्त्याकडे असतो. हा रस्ता मुख्यत्वे लास व्हेगास शहराच्या हद्दीबाहेर, क्लार्क परगण्याच्या अखत्यारीत आहे.

२००४ मध्ये येथे खासगी मोनोरेल सुरू झाली. रोखे विकून सुमारे ६५ कोटी डॉलर उभारण्यात आले होते. परंतु सव्वासहा किलोमीटरचा हा मार्ग गेला कॅसिनोंच्या पाठीमागून. स्थानक गाठण्यासाठी पर्यटकाला जुगाराची दालने ओलांडावी लागतात. लगतच्या विमानतळापर्यंत तर तो पोहोचलाच नाही. कंपनीने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अखेर सार्वजनिक पर्यटन प्राधिकरणाने ती अवघ्या २.४ कोटी डॉलरना विकत घेतली. या खरेदीमागे आणखी एक हेतू होता. मोनोरेलच्या करारात स्पर्धक सेवेला मज्जाव होता. तो दूर होताच एलॉन मस्क यांच्या कंपनीच्या भुयारांना वाट मोकळी झाली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या भुयारांत धावतात त्या टेस्लाच्या मोटारी, आणि त्याही चालकांसह! भविष्यातील वाहतूक म्हणून गाजलेली ही सेवा म्हणजे भुयारातील टॅक्सीच म्हणायची.

या गाजावाजात बस मात्र मागे पडते. हॉटेलांतील खोल्या साफ करणारे, भांडी घासणारे, रात्रपाळी करणारे कर्मचारी तिच्यावर विसंबून असतात. स्ट्रिपवरील 'ड्यूस' ही दुमजली बस अहोरात्र धावते. तिचे भाडे वस्त्यांतील बसपेक्षा जास्त आहे आणि त्या उत्पन्नाचा वस्त्यांतील मार्गांना आधार मिळतो. रचना चतुर, पण नाजूक. मार्च २०२० मध्ये कॅसिनो बंद झाले, पर्यटक नाहीसे झाले आणि हा आधारच खचला. कामगाराची बस पर्यटकाच्या खिशावर अवलंबून ठेवण्याचा हा धोका आहे.

येथे थांब्यावरील सावली ही चैन नव्हे. ७ जुलै २०२४ रोजी पारा ४८.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात चुकलेली एक बसही जिवावर बेतू शकते. विद्यापीठ आणि रुग्णालयांवरून जाणाऱ्या मेरीलँड पार्कवेसाठी हलक्या रेल्वेचा विचार झाला होता. २०१९ मध्ये तो सोडून जलद बसचा पर्याय निवडण्यात आला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२४ उजाडले.