राखणीच्या कुत्र्याचे ताट

खरिपाची राने मोकळी झाली की जालना जिल्ह्यातल्या शिवारांत मेंढ्यांचे कळप उतरू लागतात. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा रोकड घ्यायची आणि दोन-चार दिवसांत पुढचे रान गाठायचे, असा हा क्रम. प्रत्येक कळपामागे दोन-तीन कुत्रे असतात. दिवसभर कळपाबरोबर चालायचे आणि रात्री लांडग्याच्या चाहुलीवर कान ठेवून जागायचे, हे त्यांचे काम. मजुरी म्हणून ज्वारी-बाजरीची भाकर, कधी ताक, आणि एखादी मेंढी दगावली किंवा कापली तर तिचे फुप्फुस, काळीज, वजडी. या शेवटच्या घासाबद्दल बोलण्याची वेळ आली आहे, कारण त्याचा परिणाम कुत्र्याच्या पोटापुरता राहत नाही.

आधी भाकरीविषयी. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला धान्य पचत नाही, निव्वळ कच्चे मांसच त्याचे नैसर्गिक अन्न, असा एक समज शहरांतल्या श्वानप्रेमींमध्ये पसरला आहे आणि आता तो तालुक्याच्या गावांपर्यंत पोचतो आहे. विज्ञान तसे सांगत नाही. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे पाचकद्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारण २ प्रती असतात. कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्याचे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. माणसाने शेती सुरू केल्यावर त्याच्या उष्ट्यावर जगताजगता कुत्र्याचे शरीरच बदलले. तेव्हा धनगराच्या कुत्र्याला भाकर चालते. नुसती भाकर मात्र पुरत नाही.

हिशोब साधा आहे. २५ किलोच्या, अंगणात बसून राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० ते १३०० कॅलरी लागतात. कळपामागे दिवसभर चालणाऱ्याला त्याच्या दीडपट, कधी दुप्पट. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून ३३० च्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे निव्वळ भाकरीवर काम करायचे तर सहा-सात भाकरी हव्यात, आणि एवढे खाऊनही ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा आवश्यक घटक कमीच पडतो. शिवाय लांब पल्ल्याच्या संथ कामात कुत्र्याचे स्नायू मुख्यतः चरबीवर चालतात. अलास्कातल्या हिमगाड्या ओढणारे कुत्रे शर्यतीत दिवसाला दहा हजारांहून अधिक कॅलरी जाळतात आणि त्यांच्या खाण्यात चरबीचा वाटा सर्वांत मोठा असतो. आपल्याकडे तशी थंडी नाही आणि तसे कामही नाही, पण तत्त्व तेच. भाकरीच्या काल्यात दाट शिजवलेले वरण, एखादे-दोन उकडलेले अंडे आणि दोन-तीन चमचे तेल किंवा शिजवलेली चरबी घातली, तर त्याच भाकरीचे पूर्ण जेवण होते. तेल-चरबी एकदम वाढवू नये. आठवडाभर थोडी थोडी वाढवावी, नाहीतर हगवण लागते, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. वरण फोडणीआधीचे हवे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, ही गोष्ट अनेक जाणत्या पाळणाऱ्यांनाही ठाऊक नसते. दूध पुष्कळांना सोसत नाही. प्रौढ कुत्र्याला त्यातली साखर नीट पचत नाही.

कारवानसारख्या धावणाऱ्या कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी. दख्खनचा हा सडपातळ, खोल छातीचा कुत्रा. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यात तो होता. तो मिनिट-दोन मिनिटे वाऱ्यासारखा पळतो, ते प्रामुख्याने स्नायूंत साठवलेल्या साखरेवर. त्याला चरबीचा भडिमार नको. त्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे हे उपासमारीचे लक्षण नाही, तो त्याचा बांधाच आहे. लग्नाच्या नवऱ्यासारखा त्याला भरवून गोल करणाऱ्या मालकांनी हे ध्यानात घ्यावे. (ससा किंवा हरणामागे तो सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही.) खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवले तर जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तसे झाले तर काही तासांत जीव जातो. म्हणून मुख्य जेवण काम संपवून, धाप उतरल्यावर द्यावे. सकाळी कामाआधी थोडेसेच. पाणी मात्र दिवसभर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या प्रत्येक धापेबरोबर पाणी जाते.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी दोन सावधगिरीची नावे. कडवंचीसारख्या द्राक्षगावांत बागेच्या राखणीला कुत्रे असतात आणि खाली पडलेले घड त्यांच्या तोंडी लागतात. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना थोड्या प्रमाणातही निकामी करतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असते. म्हणून चिंचेची आमटीही टाळलेली बरी. दुसरे, गोठ्यातली सरकी पेंड. जनावरांना चालते म्हणून ती कुत्र्याच्या भाकरीत कालवू नये. तिच्यातले गॉसिपॉल रवंथ न करणाऱ्या प्राण्याच्या हृदयाला बाधते. विकतच्या खाद्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. परवडत असेल तर काम करणाऱ्या कुत्र्यासाठी पिशवीवर प्रथिने २५ टक्क्यांच्या पुढे आणि स्निग्धांश १५ च्या पुढे आहेत का एवढे पाहावे, पिशवीवरच्या चित्राकडे पाहू नये.

आता त्या फुप्फुस-काळजाच्या घासाकडे. मेंढी-बकरी कापताना काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले पांढुरके फोड दिसतात. खाटीक तेवढा भाग कापून बाजूला फेकतो, आणि तिथे कुत्रा उभाच असतो. हे फोड म्हणजे इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या फीतकृमीची अळीअवस्था. एका फोडात हजारो अळ्या असू शकतात. कुत्र्याने तो कच्चा खाल्ला की त्या आतड्याला चिकटतात आणि सहा-सात आठवड्यांत अंडी टाकणाऱ्या कृमी होतात. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. विष्ठेत त्या नजरेला पडत नाहीत आणि कुत्र्याला काही होतही नाही. तो धडधाकट दिसतो, पळतो, खातो. अंडी मात्र विष्ठेतून गवतावर, पाण्यात, भाजीवर आणि कुत्र्याच्या अंगावरच्या केसांत जातात. गवतावरची मेंढी खाते आणि चक्र पुरे होते. केसांतली अंडी त्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या हाताला लागतात.

माणसाच्या पोटात गेलेल्या अंड्यातून निघालेली अळी रक्तातून काळजाकडे जाते. सुमारे ७० टक्के गाठी यकृतात होतात, २० टक्क्यांच्या आसपास फुप्फुसात. गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. लहानपणी कळपात वावरलेल्या माणसाला तिशी-चाळिशीत उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो आणि सोनोग्राफीत नारळाएवढी पाण्याची गाठ निघते. मग महिनोन्‌महिने अल्बेंडॅझोल, कधी सुईने पाणी काढून औषध भरणे, पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया. गाठ पोटात फुटली तर तीव्र अॅलर्जीने रुग्ण दगावू शकतो, आणि वाचला तरी नव्या गाठी पेरल्या जातात. शासकीय रुग्णालयांत हे रुग्ण नवे नाहीत. त्यांतला एखादा माळकरी असतो आणि विचारतो, आम्ही तर मटणाला शिवतही नाही, मग हे कसे? हा रोग मटण खाल्ल्याने होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे होतो, आणि ती अंडी न धुतलेल्या मेथीच्या जुडीवरही असू शकतात.

या रोगाला गाव सोडून जायला लावता येते, याचे पुरावे जगात आहेत. १८६० च्या दशकात आइसलंडमध्ये पुष्कळ माणसे या गाठींनी आजारी होती. हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाने तिथले कुत्रे तपासले, कृमी दाखवले आणि साध्या भाषेतली पुस्तिका लिहिली. ती घरोघर वाटली गेली. लोकांनी आतडी-काळीज कुत्र्यापासून दूर ठेवायला सुरुवात केली, पुढे कायदेही आले, आणि रोग गेला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि २००२ मध्ये देश या रोगातून तात्पुरता मुक्त जाहीर केला. दोन्ही देश मेंढ्यांचेच. दोन्हीकडे मुख्य उपाय एकच होता: कुत्र्याच्या ताटात काय जाते ते बदलणे.

इथे तेवढे करण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. काळीज-फुप्फुस कुत्र्याला द्यायचेच तर तुकडे करून निदान अर्धा तास खळखळ उकळावे. मग तो घास उत्तम प्रथिनांचा आणि निर्धोक होतो. फोड असलेला भाग जाळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. कंदुरी असो, जत्रा असो की ईद, जिथे एका दिवसात अनेक बकरे कापले जातात तिथे ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी खड्डा खणून ठेवावा आणि त्यावर झाकण असावे. आठवडी बाजारातल्या मटणाच्या दुकानांमागचे ढीग हा नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्या डोळ्यांदेखत चाललेला प्रकार आहे. त्याला आरोग्याचा प्रश्न मानायला कुणी तयार नाही.

दुसरे काम पशुसंवर्धन विभागाचे. मेंढ्यांना लस आणि जंताचे औषध द्यायला पथक वाड्यावर जातेच. त्याच फेरीत कुत्र्याला प्राझिक्वांटेलची गोळी आणि रेबीजची लस का देऊ नये? गोळी वजनानुसार, किलोला ५ मिलिग्रॅम. कच्चे मांस तोंडी लागणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी दिली तर कृमीला अंडी घालण्याइतका अवधीच मिळत नाही. महामेष योजनेतून मेंढ्यांसाठी पैसा येतो, त्यात या गोळ्यांचा खर्च सहज बसावा. मेंढ्यांचेच औषध कुत्र्याला पाजण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. त्याने या कृमीचा भरवसा धरता येत नाही, आणि त्यातली काही औषधे कुत्र्याला विषारी ठरतात.

गोळीनंतरची एक गोष्ट सांगायची राहून जाते. औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. पुढचे दोन-तीन दिवस ती विष्ठेतून बाहेर पडत असतात. तेवढे दिवस कुत्रा बांधून ठेवावा, विष्ठा खोल पुरावी, आणि पोरांना त्याच्या गळ्यात पडू देऊ नये.