करारांचे फोटो पुरेत, जागा किती ते सांगा

विद्यापीठाने एखाद्या तेल कंपनीशी सामंजस्य करार केला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. मध्ये फाईल, दोन्ही बाजूंना साहेब लोक, मागे फलक. बातमीत ‘कौशल्य विकास’ आणि ‘उद्योगाभिमुख शिक्षण’ हे शब्द हमखास असतात. किती मुलांना घेणार, किती महिने, कोणत्या विभागात आणि किती विद्यावेतनावर, हे मात्र छापून येत नाही. बडोद्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांनी हा प्रश्न विचारायला हवा, कारण अशा फोटोंच्या भरवशावर फी भरली जाते आणि बऱ्याचदा ती कर्ज काढून भरली जाते.

मी बँकेत कारकून आहे. शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात, म्हणून हिशेब मांडतो. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी दोन लाख, एकूण आठ लाखांचे कर्ज. व्याज दहा टक्के धरा. शिक्षणाची वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. सरळ व्याजाने ते सुमारे दोन लाख ऐंशी हजार होते. म्हणजे फेड सुरू होते ती जवळजवळ १० लाख ८० हजारांवर, आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता येतो १४ हजारांच्या वर. साडेसात लाखांच्या पुढे गेले की तारण लागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे वडिलांच्या नावावरचे घर. दांडिया बाजारातले वाटणीत आलेले दोन खोल्यांचे घरसुद्धा त्यात येते.

तेलाचा बाजार कसा चालतो ते पाहा. जून २०१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होते. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली आले. भाव चढे असताना पेट्रोलियम अभियांत्रिकीला गर्दी झाली, आणि त्यातली बरीच मुले भाव पडल्यावर बाहेर पडली. एका सेवानिवृत्त शिक्षकांची फाईल मला आठवते. मुलाची पदवी उत्तम गुणांची होती, नोकरी मिळेना, आणि हप्ता पेन्शनमधून जात होता. संस्थेच्या माहितीपुस्तकात कंपन्यांची बोधचिन्हे पानभर होती. मुलाचा दोष नव्हता. जोखीम पूर्णपणे घरच्यांनी घेतली होती आणि ‘भागीदार’ म्हणवणाऱ्या कंपन्यांनी काहीच घेतली नव्हती. याला भागीदारी कसे म्हणायचे? बँकेत तरी भागीदारी म्हटली की नफ्यातोट्याचा वाटा लिहिलेला असतो.

बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले आणि ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले. आपले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. १९०७ साली प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि अमीन या तिघांनी ॲलेम्बिक उभी केली. प्राध्यापकच कारखाना काढतात, यापेक्षा जवळचे नाते विद्या आणि उद्योग यांच्यात कोणते असणार! ते कलाभवन १९४९ नंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. १९५८ साली खंभातजवळ लुणेजला तेल लागले, १९६० साली अंकलेश्वरला. १९६५ साली कोयलीची रिफायनरी वर्षाला २० लाख टनांवर सुरू झाली आणि पुढे १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत वाढली. १९६९ मध्ये आयपीसीएल आली, जी २००२ मध्ये रिलायन्सच्या हाती गेली आणि २००७ मध्ये तिच्यात विलीन झाली. मकरपुऱ्याला ओएनजीसी आहेच. इतके सगळे शहराच्या वेशीवर असताना कलाभवनात या उद्योगाचे मोठे, कायमचे शिक्षणकेंद्र उभे राहायला हवे होते.

झाले काय? २००७ साली राज्याने पंडित दीनदयाळ पेट्रोलियम विद्यापीठ काढले, ते गांधीनगरला. त्यामागे राज्याची तेल कंपनी जीएसपीसी होती. त्याच कंपनीला पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला आपला ८० टक्के हिस्सा २०१७ मध्ये ओएनजीसीला विकावा लागला. विद्यापीठाने २०२१ मध्ये नावातले ‘पेट्रोलियम’ काढून ‘एनर्जी’ केले. यात शहाणपणा आहे, मी टीका करत नाही. पण ज्यांनी २०१२-१३ च्या सुमारास पोराला कुठेही केवळ ‘पेट्रोलियम’ शब्दावर भाळून घातले, त्यांनी या नामांतराचा अर्थ जरूर लावावा.

दुसरे उदाहरण अधिक बोचते. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे माटुंग्याची जुनी यूडीसीटी, आणि इंडियन ऑइल यांनी मिळून २०१८ मध्ये भुवनेश्वरला स्वतंत्र आवार सुरू केले. तिथे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम आहे. ओडिशाची पारादीप रिफायनरी सुरू झाली २०१६ मध्ये. आपली त्याच कंपनीची रिफायनरी तिच्याहून पन्नास वर्षे जुनी. भुवनेश्वरला मिळाले याचे दुःख नाही, आनंदच आहे. पण बडोद्यातून कोणी मागितले होते का? तेल कंपन्यांनी २०१६ पासून कौशल्य विकास संस्थाही काढल्या. त्यातली गुजरातची अहमदाबादला गेली.

आता पालकांना उपयोगी पडेल असे थोडे. सरकारी तेल कंपन्यांत अभियंत्यांची भरती देशभरातून होते. बडोद्याच्या मुलाला बडोद्याचा म्हणून कोणी घेत नाही, स्थानिक विद्यापीठाच्या कराराने त्यात फरक पडत नाही. पण त्याखालची मोठी पायरी आपण पाहतच नाही. रिफायनरीतल्या उत्पादन विभागाच्या कनिष्ठ अभियांत्रिकी सहायकाच्या जागेला केमिकल किंवा पेट्रोकेमिकलची पदविका चालते, तसेच गणित, भौतिक, रसायन घेऊन झालेली बी.एस्सी. चालते. आयटीआयमध्ये ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ असा सरळ याच कामाचा ट्रेड आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे नंदेसरी, मकरपुरा, कोयली या पट्ट्यात उद्योगाने जे उपकार म्हणून जाहीर करावे असे आपल्याला वाटते, त्यातले बरेचसे कायद्यानेच देणे आहे.

यावर आपल्या घरांतून उत्तर काय येते ते मला ठाऊक आहे. ‘आमचा मुलगा हेल्मेट घालून पाळीत काम करणार?’ गायकवाडी नोकरीची सवय अजून अंगातून गेलेली नाही. कचेरी, शाळा, बँक, एवढेच आपल्याला नोकरी म्हणून दिसते. (बँकेतल्या माणसाने हे म्हणावे यात गंमत आहे, पण बँकेतल्या जागा किती उरल्या तेही मलाच दिसते.) उपकरणे जुळवणारा तंत्रज्ञ, वेल्डिंग तपासनीस, प्रक्रिया सुरक्षेचे शिक्षण घेतलेला माणूस, हे तेलाचा भाव पडला तरी खत कारखान्यात, औषध कारखान्यात, वीजकेंद्रात लागतात. नुसता पेट्रोलियमचा पदवीधर तिथे अडतो.

सुरक्षेचा मुद्दा तर वेगळाच आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीला बेन्झिनच्या टाकीला आग लागली आणि दोघांचा जीव गेला. कारण शोधणे हे चौकशीचे काम. पण शटडाऊनच्या दिवसांत ठेकेदारामार्फत येणारे फिटर, वेल्डर, परांचीवाले यांना कोण शिकवतो? वायूची तपासणी झाल्याशिवाय आणि कामाचा परवाना हातात आल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही, हे किती जणांना पगारी वेळेत शिकवले जाते? विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकने असा पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा, खर्च कंपनीने द्यावा, आणि तो वर्ग केलेल्यालाच फाटकातून आत सोडावे. दोन्ही बाजूंच्या गळ्यात काहीतरी बांधणारा असा करार झाला तर फोटो जरूर छापावा.

हे विचारायचे कोणाला, हा राजकीय प्रश्न आहे. पूर्वी विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. आपली मते त्यात असत आणि वेळप्रसंगी प्रश्न विचारले जात. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट गेली, व्यवस्थापन मंडळ आले. आता पदवीधराच्या हातात मतपत्रिका नाही, अर्ज आहे. विद्यापीठ सार्वजनिक संस्था आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, आणि अर्जाची फी गुजरातमध्ये २० रुपये आहे.

आपल्या मंडळाने पहिला अर्ज करावा असे मी सुचवतो. गेल्या पाच वर्षांत विद्यापीठाने तेल, वायू व पेट्रोकेमिकल कंपन्यांशी केलेल्या सर्व करारांच्या प्रती, प्रत्येक कराराखाली किती विद्यार्थी कारखान्यात गेले, किती महिने राहिले, त्यांना विद्यावेतन किती मिळाले आणि कंपनीने प्रत्यक्ष किती रक्कम दिली, एवढेच त्यात मागायचे. मसुदा मी लिहून ठेवला आहे. सही करायला दोन-तीन पदवीधर हवेत, शक्यतो कलाभवनाचे.