किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरते आणि तेथे त्याची वीज होते. १९६२ साली या वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. पुढे चारही टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅटवर गेली. या विजेवर कारखाने चालले, शहरे उजळली आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचे गोडवे गाइले गेले. परंतु ज्यांची गावे शिवाजीसागराच्या तळाशी गेली, त्यांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षे उलटली तरी सुटलेले नाहीत. आणि जलाशयाच्या काठच्या दुर्गम वस्त्यांवर विजेचा दिवा लागण्यास त्यानंतरही कित्येक वर्षे जावी लागली. साधन कोणाच्या अंगणात उभे आहे यापेक्षा त्याची कळ कोणाच्या हाती आहे हे अधिक महत्त्वाचे असते, हा धडा पाटण तालुक्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आज हाच प्रश्न दळणवळणाच्या क्षेत्रात नव्या वेषात उभा आहे. पाटणसारख्या तालुक्यात काम करणाऱ्या एखाद्या धरणग्रस्त संघटनेचे उदाहरण घ्यावे. तिचे कार्यालय पाटणला, कार्यकर्ते ढेबेवाडी, मोरगिरी, तारळे, कोयनानगर येथे विखुरलेले, आणि अर्धे सभासद पोटासाठी मुंबईला गेलेले. माथाडी कामगारांच्या चळवळीला या तालुक्याने माणसे पुरवली ती उगाच नव्हे. अशा संघटनेच्या संगणकात कोणाची किती जमीन गेली, मोबदला कोणाला मिळाला, कोणाचा दावा अडला, वर्गणी कोणी दिली, मोर्चाला कोण आले, याची नोंद असते. गावोगावच्या कार्यकर्त्याला ती आपल्या फोनवरून पाहता यावी, पण इतर कोणाला पाहता येऊ नये, ही गरज रास्त आहे. ती भागवण्याचे साधन म्हणजे व्हीपीएन, अर्थात सार्वजनिक इंटरनेटच्या रस्त्यातूनच काढलेला खासगी बोगदा.

भाड्याचा बोगदा की स्वतःचा?

हा बोगदा दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे कंपनीकडून दरमहा, दरमाणशी भाड्याने. येथे सभासद वाढले की भाडे वाढते आणि भाडे थकले की दार बंद होते. शिवाय संदेश गुप्त राहिले तरी कोण, केव्हा, कोठून आत आला, हे ठरवणारी वही कंपनीच्या कपाटात राहते. दुसरा मार्ग म्हणजे संघटनेने स्वतःच तो चालवणे. 'वायरगार्ड' नावाची व्हीपीएनची पद्धत मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. मार्च २०२० मध्ये ती लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. तिचा मूळ मजकूर अवघा चार हजार ओळींच्या आसपास असल्याने जाणकाराला तो वाचून तपासता येतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. फरक इतकाच की कितीही जणांनी वापरली तरी ती चरून संपत नाही. खर्च येतो तो सर्व्हरचा. ग्रामीण भागात मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे पाटणच्या कार्यालयातील संगणकाला बाहेरून थेट गाठणे बहुधा शक्य होत नाही. म्हणून शहरातील एखादा छोटा सर्व्हर दरमहा काही शे रुपये भाड्याने घ्यावा लागतो.

पूर्वी या कामाला निष्णात माणूस लागत असे. आता एका उपायाने ते सोपे झाले आहे. कोकणात उतरणारा वाटसरू ज्याप्रमाणे शिधा, भांडी आणि चूल एकाच गाठोड्यात बांधून नेत असे, त्याप्रमाणे एखादे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सर्व सामानासह एका बंद पेटीत बांधता येते. तिला कंटेनर म्हणतात. २०१३ साली आलेल्या 'डॉकर'ने ही रीत सर्वत्र पसरवली. व्हीपीएन आणि त्याचा कारभार पाहण्याचा डॅशबोर्ड अशी पेटी मुक्तपणे मिळते. ती सर्व्हरवर मांडली की संघटनेतील एखादा महाविद्यालयीन तरुण तासाभरात नवा सभासद जोडू शकतो, हरवलेला फोन बंद करू शकतो आणि कोण जोडलेले आहे ते पडद्यावर पाहू शकतो. लोकांच्या हाती साधन आले म्हणून समाजवाद्यांनी याचे स्वागत केले पाहिजे, यात शंका नाही.

सोपेपणाची किंमत

परंतु स्वागत करताना डोळे मिटून चालणार नाही. या पद्धतीत प्रत्येक सभासदाच्या फोनची स्वतंत्र खासगी किल्ली असते. ती त्या फोनवरच तयार व्हावी आणि तेथून कधीही हलू नये, हा मूळ विचार. पण अनेक डॅशबोर्डांत सोयीसाठी सर्व सभासदांच्या किल्ल्या सर्व्हरवरच तयार होतात आणि तेथेच साठवल्या जातात. म्हणजे ज्याला डॅशबोर्ड उघडता आला, त्याला साऱ्या संघटनेचा जुडगाच सापडला. वायरगार्डचे स्वतःचे दार मोठे सावध आहे. अनोळखी माणसाने ठोठावले तर ते उत्तरच देत नाही. डॅशबोर्डचे दार मात्र साध्या संकेतस्थळासारखे जगाला दिसते आणि पासवर्ड विचारते. भक्कम वाडा बांधून खिडकी सताड उघडी ठेवावी, तसा हा प्रकार होतो.

त्यात एक खोच आहे, जी नवख्यांना हटकून चकवते. सर्व्हरवर फायरवॉल बसवली की सारे झाकले गेले, असा समज असतो. परंतु कंटेनरचे पोर्ट बाहेर उघडताना डॉकर स्वतःचे नियम लिनक्सच्या जाळ्यात घालते, आणि नेहमीच्या वापरातील साध्या फायरवॉलला ते बगल देतात. पडद्यावर 'बंद' दिसते, प्रत्यक्षात दार उघडे असते. उपाय अवघड नाही. डॅशबोर्डचे पोर्ट सर्व्हरच्या आतल्या पत्त्यापुरतेच बांधून ठेवावे, म्हणजे ते बाहेरून दिसणारच नाही आणि कारभाऱ्याला बोगद्याच्या आतूनच तेथे जावे लागेल. शिवाय कंटेनर म्हणजे अभेद्य कोठडी नव्हे. तो मूळ सर्व्हरचाच गाभा वापरतो आणि व्हीपीएन चालवण्यासाठी त्याला जाळ्यावरचे विशेष अधिकार द्यावे लागतात. किल्ल्यांची नोंद पेटीच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवली नसेल, तर नवी आवृत्ती घेण्यासाठी जुनी पेटी मोडताच साऱ्या किल्ल्या नाहीशा होतात.

हा बागुलबुवा नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकप्रणालीत घुसून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. ३१ जुलै २०२४ रोजी 'सी-एज' या तंत्रज्ञान पुरवठादार कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाल्यामुळे देशातील सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांची राष्ट्रीय देयक यंत्रणेशी जोडणी तात्पुरती तोडावी लागली. तिच्याशी संबंधित दुसऱ्या एका कंपनीच्या, नीट न बांधलेल्या सर्व्हरमधून चोर शिरले, असे सुरक्षा संशोधकांचे म्हणणे होते. सहकारी बँका शेकडो, पण कळ एका ठिकाणी! सहकाराचे नाव आणि केंद्रीकरणाचा व्यवहार यांतील ही विसंगती चळवळीने गंभीरपणे पाहिली पाहिजे. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की स्वतःचा सर्व्हर निष्काळजीपणे चालवणे हे त्यावरील उत्तर नाही.

कायदा काय म्हणतो?

सरकारच्या भूमिकेविषयी दोन टोकाचे गैरसमज आढळतात. व्हीपीएन वापरणे हा देशभर गुन्हा आहे, हा एक. आणि व्हीपीएन लावले की माणूस अदृश्य होतो, हा दुसरा. दोन्ही चूक आहेत. केंद्राच्या 'सर्ट-इन' या संगणक सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचा हेतू पाच वर्षे जपून ठेवायचा आहे. त्या वर्षी काही परदेशी कंपन्यांनी याच कारणाने भारतातील आपले सर्व्हर हलवले. संस्थेने स्वतःच्या माणसांसाठी चालवलेले व्हीपीएन या ग्राहकनोंदीच्या अटीत येत नाही, असा खुलासा त्याच यंत्रणेने नंतर केला. परंतु सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याचे नाव मालकाच्या दप्तरी राहतेच. काश्मीरमध्ये तर अनेकदा स्थानिक आदेशांनी व्हीपीएनच्या वापरावर बंदी घातली गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरे. पण हक्क निकालपत्रात असतो आणि त्याचे रक्षण व्यवहारात करावे लागते.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात की खुल्या चळवळीला गुप्ततेची गरज काय? या प्रश्नात तथ्य आहे. पक्षाचे ठराव, हिशेब आणि निर्णय उघड्यावरच असले पाहिजेत. परंतु धरणग्रस्त विधवेच्या दाव्याचे कागद हा पक्षाचा निर्णय नव्हे. सावकार, दलाल किंवा ठेकेदार यांच्या हाती ती यादी पडली तर सोसावे लागते ते तिला. सत्तेने पारदर्शक असावे आणि दुर्बळाला आडोसा मिळावा. आज नेमके याच्या उलट घडते आहे.

खरा प्रश्न संघटनेचा

म्हणून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तंत्राचा नसून संघटनेचा आहे. कंपनीच्या हातून कळ काढून घेतली आणि ती एका हुशार तरुणाच्या हाती दिली, तर मालक बदलला, मालकी नाही. तो तरुण उद्या नोकरीसाठी पुण्याला जाईल, रुसून बाजूला होईल किंवा आजारी पडेल. आणि सर्व्हरचे भाडे त्याच्या खात्यातून, पासवर्ड त्याच्या डोक्यात, अशी स्थिती असेल तर साऱ्या संघटनेला कुलूप लागेल. चांगल्या कार्यकर्त्यावर असे ओझे टाकणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

सातारा जिल्ह्याला याचे उत्तर ठाऊक असले पाहिजे. १९४२ साली कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. त्यातून पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले. ते केवळ धाडसावर टिकले नाही. एक माणूस पकडला गेला तरी काम चालू राहावे, अशी गावोगाव पसरलेली जबाबदारी त्यामागे होती. गुप्तता तेथे होती, पण तिला गावाचा आधार होता.

तीच शिस्त येथे हवी. सर्व्हर संस्थेच्या नावे असावा, त्याचे भाडे संस्थेच्या खात्यातून जावे आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेपुढे यावा. डॅशबोर्ड चालवणारे किमान दोघे असावेत, आणि त्यांनी तिसऱ्याला शिकवावे. कोणाला किल्ली दिली व कोणाची केव्हा रद्द केली, याची वही ठेवावी. पद सोडणाऱ्याची किल्ली त्याच दिवशी रद्द व्हावी, मग तो कितीही जवळचा असो. किल्ल्यांच्या नोंदीची कुलूपबंद प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी आणि तिच्यावरून सारे पुन्हा उभारता येते की नाही, हे वर्षातून एकदा करून पाहावे. कंटेनरची आवृत्ती ठरवून घ्यावी, बदल वाचूनच पुढची स्वीकारावी. आणि ज्या संघटनेला एवढे झेपणार नाही, तिने सध्या कागदी वही आणि लोखंडी कपाट वापरावे; त्यात कमीपणा नाही.

कोयनेच्या वेळी पाटणच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. धरण त्याच्या नावे नव्हते आणि कळही त्याच्या हाती नव्हती. आजच्या या लहानशा साधनाबाबत निवड निदान संघटनेच्या हाती आहे. ती निवड एकट्या तंत्रज्ञावर सोपवून मोकळे व्हायचे, की पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर घ्यायची, एवढेच आता ठरायचे आहे.