दोरी ओढायची मुभा

टुरिस्ट गाड्यांच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, "गाडी कुठली घेऊ?" उत्तर ठरलेलं असतं, "डोळे झाकून इनोव्हा घ्या." आता डोळे झाकून काय घ्यावं आणि काय नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण इतक्या लाखांच्या वस्तूबद्दल माणसं असं बोलायला लागली की मला त्या वस्तूपेक्षा त्यामागच्या भरवशाचं कुतूहल वाटतं. हा भरवसा येतो कुठून? "जपानी माल आहे, बिघडतच नाही," हे आपल्याकडचं पेटंट उत्तर. मला ते पटत नाही. टोयोटाची खरी कर्तबगारी वेळेवर थांबण्यात आहे, आणि जिथे जिथे घाईत हे थांबणं राहून गेलं, तिथे तिथे टोयोटासुद्धा इतर कुठल्याही कंपनीसारखी घसरली आहे.

ही गोष्ट सुरू होते ती मोटारीपासून नाही, मागापासून. साकिची तोयोदा (जन्म १८६७) हा सुताराचा मुलगा. त्या काळच्या यंत्रमागांची एक मोठी अडचण होती. धागा तुटला तरी माग आपला खडखडत चालूच राहायचा आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत कितीतरी कापड वाया गेलेलं असायचं. मग लक्ष ठेवायला मागाशेजारी माणूस उभा करा! साकिचीने यावर काढलेला उपाय म्हणजे धागा तुटला की आपणहून थांबणारा माग. १९२४ साली आलेला त्याचा जी टाइप स्वयंचलित माग इतका सरस होता की १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स या इंग्रजांच्या नामांकित कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. ज्यांच्याकडून जग यंत्रं घ्यायचं, ते जपान्याकडून तंत्र घेत होते.

साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींच्या नादाला लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. (तोयोदाचं टोयोटा का झालं? तर जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ हा आकडा तिकडे शुभ. म्हणजे अंकशास्त्र आपल्याकडेच आहे असं नाही!) पण शुभ आकड्याने संकट टळलं नाही. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेतात आली, दीड हजारांहून जास्त कामगारांना घरी जावं लागलं, मोठा संप झाला आणि खुद्द किइचिरोने राजीनामा दिला.

या ओढगस्तीच्या काळातच ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरने मागाची ती जुनी कल्पना मोटारीच्या असेंब्ली लाइनवर नेली. लाइनवरच्या प्रत्येक कामगाराला थांबवायचा अधिकार दिला. पुढे त्यासाठी डोक्यावर दोरी आली. काही गडबड दिसली की दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. मग "का झालं?" हे एकदा नाही, पाच वेळा विचारायचं. जिथे एक एक मिनिट पैशात मोजलं जातं तिथे सगळ्यात कनिष्ठ माणसाच्या हातात लाइन थांबवायची दोरी देणं ही साधी गोष्ट नाही.

"जपान्यांची संस्कृतीच वेगळी, आपल्याकडे नाही जमायचं," असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, वाईट माल यासाठी बदनाम. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तिथेच नुम्मी नावाचा प्रकल्प सुरू केला. बरेचसे कामगार तेच जुने, युनियन तीच. फरक एवढाच की आता त्यांना प्रशिक्षण मिळालं आणि दोरी ओढल्यावर कोणी अंगावर येत नव्हतं. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघायला लागल्या. तेव्हा रक्ताचा, देशाचा काही संबंध नाही.

आपल्याकडचा धागाही मजेशीर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर साकिचीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी हा माणूस हटला नाही, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाच्या घराण्याशी सोयरीक जुळवली तीही आधी कापडयंत्रांतून, १९९५ मध्ये. मोटारी नंतर आल्या. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली, बंगळूरजवळ बिडदीला कारखाना झाला आणि २००० मध्ये क्वालिस आली. दिसायला निव्वळ डबा. पण कॉल सेंटरच्या रात्रपाळ्या ज्यांनी केल्या त्यांना विचारा, त्यांच्या आयुष्यातली किती तास झोप क्वालिसमध्ये झाली आहे ते. चांगली खपत असतानाच कंपनीने ती बंद केली आणि २००५ मध्ये इनोव्हा आणली. मग २०१६ मध्ये क्रिस्टा, २०२२ च्या शेवटी हायक्रॉस.

आता मालकांचा अनुभव. माझे मामा सांगलीला टुरिस्टचा व्यवसाय करतात. त्यांची २००९ ची इनोव्हा साडेचार लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. अष्टविनायक, पंढरपूर, कोकणातले घाट, मुंबईचं विमानतळ, लग्नाची वऱ्हाडं, सगळं झालं. लोक म्हणतात, "टोयोटा आहे, चालणारच." पण मामांच्या टेबलाच्या खणात एक लाल वही असते. प्रत्येक गाडीचं ऑइल कधी बदललं, टायमिंग बेल्ट कितीला टाकला, कुठल्या ड्रायव्हरने काय तक्रार केली, सगळं तारीखवार. आणि त्यांचा एक नियम आहे. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, पुढून आवाज येतोय," तर ती गाडी त्या दिवशी ट्रिपवर जात नाही. भाडं गेलं तरी चालेल, ओळखीच्यांची गाडी देऊ, पण ही आधी गॅरेजला. आवाज निघाला नाही तरी ड्रायव्हरला बोलायचं नाही. "एकदा बोललो तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही, आणि मग घाटात कळेल," इति मामा. त्यांनी ओनोचं नावही ऐकलेलं नाही!

याच्या उलट, आमच्या ऑफिसातल्या एकाने जुनी इनोव्हा घेतली, आणि "हिला काही होत नाही" या श्रद्धेवर दीड-दोन वर्षं ऑइलकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी इंजिनचं काम निघालं, आकडा ऐकून बिचारा दोन दिवस गप्प होता. गाडी तीच, फरक वहीचा.

इथे "बघा, टोयोटा किती थोर" म्हणून मी थांबलो तर ती जाहिरात होईल. २००९-१० मध्ये अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारणं होती पेडलमध्ये अडकणारी मॅट आणि चिकटणारं पेडल. फेब्रुवारी २०१० मध्ये अध्यक्ष अकिओ तोयोदा (किइचिरोचे नातू) अमेरिकन काँग्रेससमोर बसले आणि आम्ही माणसं तयार करण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढलो अशी कबुली त्यांनी दिली. २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने १.२ अब्ज डॉलर भरले.

आम्हा कोड लिहिणाऱ्यांनी तर यातला एक खटला वाचायलाच हवा. नासाच्या मदतीने झालेल्या तपासात २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष सापडला नव्हता. पण २०१३ मध्ये ओक्लाहोमात २००५ च्या कॅमरीच्या अपघाताच्या खटल्यात सोर्स कोड तपासलेल्या तज्ज्ञाने साक्ष दिली की त्यात दहा हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल्स आहेत. ज्युरीने कंपनीला जबाबदार धरलं. धागा तुटताच थांबणाऱ्या मागाचे वारस, आणि कोडमध्ये तुटलेला धागा दिसायची सोय नाही!

अलीकडचं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूने सुरक्षा चाचण्यांमध्ये केलेली हेराफेरी उघड झाली आणि सगळ्या गाड्या पाठवणं थांबवावं लागलं. चौकशीत मुळाशी निघालं ते अति ताणलेलं वेळापत्रक. पुढच्याच महिन्यात टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या चाचण्यांत गैरप्रकार सापडले, त्यामुळे भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स काही दिवस पाठवणं बंद होतं. ही टोयोटा इंडस्ट्रीज कोण? साकिचीचे माग बनवण्यासाठी १९२६ मध्ये निघालेली मूळ कंपनी. दोरी जिथे जन्मली त्याच घरात ती ओढायची हिंमत कोणाला झाली नाही.

म्हणून म्हणतो, हा भरवसा म्हणजे वारसाहक्काने मिळणारी इस्टेट नाही. रोज कोणीतरी "थांबा" म्हणायचं आणि वरच्याने ते ऐकायचं, तेव्हा तो एक दिवस टिकतो.

आणि आपण काय घेतलं त्यांच्याकडून? कानबान बोर्ड. रंगीत चिठ्ठ्या. "टू डू", "इन प्रोग्रेस", "डन". सकाळचा स्टँडअप. दोरी तेवढी सोयीस्करपणे तिकडेच राहिली. आमच्या एका प्रोजेक्टवर शुक्रवारी संध्याकाळी रिलीजच्या वेळी एक नवी मुलगी म्हणाली, "सर, पेमेंटची टेस्ट कधी पास होते, कधी फेल. आज नको करूया." उत्तर मिळालं, "क्लायंटला तारीख दिली आहे, सोमवारी बघू." सोमवार यायची गरज पडली नाही, शनिवारी पहाटेच काही गिऱ्हाइकांचे पैसे दोनदा कापले गेले. नंतरच्या मीटिंगमध्ये बग कोणाचा यावर दोन तास चर्चा झाली. तिने सांगितलं होतं, यावर एक मिनिटही नाही. त्यानंतर ती मुलगी मीटिंगमध्ये फारशी बोलताना मला दिसली नाही. मामांच्या वाक्याची दुसरी बाजू ही अशी असते.

तर मंडळी, इनोव्हा घ्यायची तर जरूर घ्या, पण सोबत दहा रुपयांची एक वही घ्या. आणि नोकरी बदलत असाल तर इंटरव्ह्यूमध्ये "तुमच्याकडे अजाइल आहे का" हे विचारू नका, ते सगळीकडेच असतं. एवढंच विचारा, "तुमच्याकडे शेवटचं रिलीज कोणी थांबवलं होतं, आणि तो माणूस आज काय करतो?" उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा. बाकी सगळं कळेलच.