जनरेटरवाल्यांनो, जरा ऐका

परवा फोनवर एक मित्र म्हणाला, "अरे, कॅम्पिंगला जातोस तर सरळ जनरेटर घे ना, विषय संपला." हा सल्ला मला आतापर्यंत किमान दहा जणांनी दिला असेल. त्यात निम्मे आपलेच नातेवाईक (हो, काका, तुम्हीसुद्धा!). म्हणून आज एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी २०२३च्या जानेवारीतली गोष्ट. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी मोकळी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथे परवाना काढून मुक्काम ठोकता येतो. बहुतेक जागांवर वीज नाही, नळ नाही, फक्त वाळवंट आणि आकाश. आम्ही ट्रेलर घेऊन गेलो होतो आणि सोबत भारतातून आलेले बाबा होते. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रात्री सीपॅप मशीन लावावं लागतं.

पहाटे तीनला बाबांनी हाक मारली. मशीन बंद, हीटरचा पंखा बंद, सगळीकडे काळोख. बाबा पलंगावर उठून बसले होते. उरलेली रात्र ते तसेच शाल पांघरून बसून राहिले, आणि मी त्यांच्या समोर. "अरे, चालायचंच," असं तेच मला म्हणत होते.

ट्रेलर विकणाऱ्याने "बॅटरी आहे की, काळजी नको" असं सांगितलं होतं. बॅटरी होती ८० अँपिअर-अवरची, साधी शिशाची. ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे कामाचे फक्त ४०. तेही ती पूर्ण भरलेली असेल तर. गाडी दोन तास चालवली की ट्रेलरची बॅटरी भरते हा माझा भाबडा समज होता. गाडीपासून मागे जाणारी तार इतकी बारीक असते की तिच्यातून जेमतेम काही अँपिअर पोचतात. खर्चाकडे बघा. हीटरचा पंखा चालू असताना सात अँपिअर खातो. सीपॅप मी इन्व्हर्टरवर लावलं होतं, वर पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर चालू! गणित मांडलंच नव्हतं, तर उत्तर चुकणारच.

आता जनरेटर. मुक्कामाला शेजारी एक मोठ्ठा होता, सकाळी सातपासून घुर्र घुर्र. राष्ट्रीय उद्यानांत नियम आहे की ५० फुटांवर आवाज ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. मोकळ्या जमिनीवर मात्र बरंचसं शेजाऱ्याच्या मर्जीवर. वर धुरात कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नसतो, म्हणून खिडकीजवळ तो ठेवणं जिवावर बेतू शकतं.

बरं, एवढं करून बॅटरी भरते का? शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटापट घेते. मग शेवटचे २० टक्के ती रडतखडत, तासन्‌तास घेते. जनरेटर केवढाही आणा, तिला घाई नसते. शिवाय अनेक ट्रेलरांतला मूळचा चार्जर १३.६ व्होल्टवरच अडून बसतो, १४.४पर्यंत जातच नाही. म्हणजे चार तास पेट्रोल जाळायचं, अख्ख्या वाळवंटाला ऐकवायचं आणि बॅटरी अर्धपोटीच. अगदीच ढगाळ हवा असेल तर सकाळी तासभर लावा, माझी ना नाही. उरलेलं काम सूर्याचं आहे आणि तो ते न बोलता करतो.

पण सोलरवालेही काही कमी नाहीत! छपरावर १०० वॅटचं पॅनेल आडवं टाकलं की झालं, असं सांगतात. जानेवारीत सूर्य खाली असतो, आडव्या पॅनेलचं उत्पन्न घसरतं. दक्षिणेकडे तोंड करून उभं कलतं ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "हिच्यात पाणी कधी घातलं होतंस?" मी गप्प. सांगलीला लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे त्यांचं काम असायचं. रविवारी सकाळी, चष्मा नाकावर ओढून. इलेक्ट्रिकल इंजिनिअर मी आहे, ते बँकेत होते :)

आता सहा व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्टच्या बॅटऱ्या आहेत, २२० अँपिअर-अवर, वापरायचे ११०. १०० वॅटची दोन पॅनेलं कलती ठेवतो, स्वच्छ दिवशी ५०च्या आसपास परत मिळतात. सीपॅप इन्व्हर्टरशिवाय थेट १२ व्होल्टवर, ह्युमिडिफायर बंद, त्यामुळे रात्रभरात दहाएक अँपिअर-अवर जातात. हीटर झोपताना कमी आणि गोधड्या जास्त. लिथियम घ्या असंही लोक सांगतात. चांगली असते, हलकी असते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि आम्ही डोंगरातही जातो. असो.

यंदाच्या जानेवारीत बाबा पुन्हा आले होते. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, चष्मा ओढून मीटर बघायचे आणि आतून ओरडून सांगायचे, "बारा पॉइंट चार!"