सत्कारानंतर काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत सत्कारांचा धडाका सुरू होतो. शाल, ट्रॉफी, फोटो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुपही अभिनंदनाने भरून जातो. पुढे त्या मुलीच्या प्रवेशाचे काय झाले, हे विचारायला आम्ही कुणीच जात नाही.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हाही सत्कार झाला होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. दर जयंतीला आम्ही हे सांगतो आणि तिथेच थांबतो. केळुसकर थांबले नव्हते. पुढे पैशावाचून शिक्षण अडू लागले, तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

आज शिष्यवृत्ती हक्काची आहे. तरी महाडीबीटीचा अर्ज भरताना, जात पडताळणीसाठी फेऱ्या मारताना घरातली पहिली शिकणारी मुले एकटीच असतात. याच रांगांत उभे राहून जे आज इंजिनिअर, तलाठी, प्राध्यापक झाले, त्यांना कोणता कागद कुठे अडतो हे तोंडपाठ आहे. त्यांच्याकडून वर्गणी नको. (ती डीजेवर जाते, हेही सांगून टाकतो.) निकालानंतरचे दोन रविवार त्यांनी आपल्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसावे, एवढेच आमचे मागणे आहे.