वेबसाइट बनविणाऱ्या एका छोट्या पेढीची दुकानदारी

आपल्या व्यापारी बांधवांची मुले आता वेबसाइट बनविण्याच्या धंद्यात उतरली आहेत. एक खोली, दोन-तीन संगणक आणि सोबतीला एखादा मित्र. हुनर चांगले असते, पण बोलायला बसलो की रडगाणे तेच, जे आपण कापडबाजारात आयुष्यभर ऐकले. भाव पडला आहे, शेजारचा निम्म्या पैशांत करून देतो आणि झालेल्या कामाचे पैसे पार्टी सहा-सहा महिने देत नाही. बाप म्हणतो, जाहिरात कर. मुलगा म्हणतो, पैसा कुठून आणू? या दोघांनीही अमेरिकेतील शिकागो शहरच्या एका पेढीची हकीकत समजून घ्यावी, असे माझे मत आहे.

जेसन फ्राइड आणि त्याच्या दोन भागीदारांनी १९९९ साली ही पेढी काढली. नाव थर्टीसेव्हन सिग्नल्स. आकाशातून आलेल्या ज्या ३७ रेडिओ संदेशांचा उलगडा झाला नव्हता, त्यांच्यावरून ते ठेवलेले. नाव जितके अजब, तितकेच त्यांचे दुकानही. धंदा वेबसाइट सजविण्याचा, पण स्वतःच्या वेबसाइटवर एकही चित्र नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरे आणि आपण काम कसे करतो, काय मानतो यावर ३७ छोटी टिपणे, बस्स. कापडवाल्याने दर्शनी भागात एकही थान न मांडता आपण कोणता माल का ठेवत नाही हे भिंतीवर लिहावे, तसा हा प्रकार. आपल्याकडे लोक हसतील. पण ज्याला पटले तो गिऱ्हाईक भाव करायला येत नाही, काम द्यायला येतो.

दुसरे त्यांनी केले ते असे. फेडेक्ससारख्या कुरिअर कंपनीचे पान किंवा एखाद्या बँकेचे पान अधिक सोपे कसे होईल, ते कोणी न सांगता स्वतःच तयार करून लोकांसमोर मांडले. कोणी म्हणेल, हे तर फुकटचे काम झाले. तसे नाही. नमुन्याची कात्रणे आपण सगळ्या बाजारात वाटतो, अख्खे थान मात्र एकाला फुकट देत नाही. आपली मुले नेमके उलटे करतात. एका पार्टीच्या सांगण्यावरून तीन-तीन पूर्ण नमुने बनवितात, पार्टी एकही घेत नाही आणि बाजारात कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या पेढीचे फुकट काम हजारो लोकांनी पाहिले.

आता खरी गोष्ट. काम वाढले तसा गोंधळही वाढला. कोणत्या गिऱ्हाईकाला काय सांगितले, काम कुठवर आले, कोणाच्या होकारासाठी अडले, हे सगळे ईमेलांत विखुरलेले. तेव्हा त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी इंटरनेटवर चालणारी एक वही बनविली. गिऱ्हाईकांनी ती पाहिली आणि विचारू लागली, ही आम्हालाही मिळेल का? ती वही लिहिणारा डेव्हिड हायनेमायर हॅन्सन तेव्हा डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये राहत होता आणि आठवड्याला दहा तास देत होता. दोन्ही शहरांत सात तासांचे अंतर. एकाचा दिवस मावळायला लागे तेव्हा दुसऱ्याचा सुरू होई, त्यामुळे बैठका आणि फोन कमी, शांतपणे काम जास्त. वेळ थोडा म्हणून मालही थोडा बनला, फक्त गरजेपुरता.

फेब्रुवारी २००४ मध्ये ही वही बेसकॅम्प या नावाने विक्रीला आली. एका वर्षानंतर महिना ५ हजार डॉलर आले तरी पुरे, असा त्यांचा हिशेब होता. तो आकडा सुमारे सहा आठवड्यांतच गाठला गेला. वर्षभरात वेबसाइटच्या मेहनतान्यापेक्षा वहीची कमाई वाढली आणि पुढे त्यांनी दुसऱ्यांची कामे घेणेच बंद केले. व्यापाऱ्याने येथे थांबून विचार करावा. भाडे दरमहा, तेही कार्डावर, म्हणजे उधारी शून्य. शिवाय प्रत्येक गिऱ्हाईक छोटे, त्यामुळे एक गेले तर चूल बंद पडत नाही. एकाच मोठ्या पार्टीच्या जिवावर चालणारी पेढी मालक कोण हे विसरते, हा तजुर्बा आपल्या बाजारात कोणाला नाही?

चिंधी आपण फेकत नाही, तिचाही भाव येतो. या लोकांनीही काही फेकले नाही. वही बनविताना हॅन्सनने जे अवजार घडविले, ते रूबी ऑन रेल्स नावाने २००४ मध्येच सगळ्यांना मोफत दिले. शॉपिफाय आणि गिटहब त्यावरच उभे राहिले आणि पेढीचे नाव जगभरच्या कारागिरांच्या तोंडी झाले. कामाच्या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक २००६ साली कोणत्याही प्रकाशकाशिवाय हजारोंनी खपले. जाहिरातीचा खर्च तो हाच.

पण सगळेच गोड नाही आणि तेही सांगितले पाहिजे. याच पेढीत काही नोकर दहा वर्षांहून अधिक काळ गिऱ्हाईकांच्या ‘गमतीदार’ नावांची एक यादी ठेवीत होते. त्यात गोऱ्या लोकांची नावे होती, तशी आशिया-आफ्रिकेतली नावेही होती. दर्शनी भागात अदब आणि मागच्या खोलीत हसणे. आपल्या मुलांना परदेशी कंपन्यांच्या फोनवर स्वतःचे नाव तीनदा सांगावे लागते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. यादीवरून वाद पेटला. ती ठेवणे चुकीचे होते हे मालकांनी कबूल केले, पण एप्रिल २०२१ मध्ये कंपनीच्या कामकाजात समाज-राजकारणाची चर्चाच बंद करण्याचा हुकूम काढला. न पटणाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंतचा पगार देऊ केला. सुमारे एक तृतीयांश माणसे घेऊन चालती झाली. कामाच्या पद्धतीवर जगाला पुस्तके विकणाऱ्या पेढीत हे घडले. हुकूम आधी आणि बोलणे नंतर, हा माझ्या मते मालकांचा सरळ दोष.

पेढी टिकली. मधली काही वर्षे तिने बेसकॅम्प हेच नाव घेतले होते, २०२२ मध्ये पुन्हा जुने घेतले. वहीचे भाडे अजून दरमहा येते. आपल्या मुलांनी तूर्त एवढे करावे. पुढचा फुकट नमुना एका पार्टीला न देता चौकात लावावा, आणि स्वतःच्या सोयीसाठी बनविलेली एखादी वही किंवा हिशेबाचे कोष्टक संगणकात पडून असेल, तर ते गिऱ्हाईकाला एकदा दाखवावे.